तू एकदाच विचारायचास

दादा, तुझ्या जुईला नवव्या वर्षी कळलं, तुला सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं, आणि त्याच्या पुढच्या वर्षी मलाही कळलं. यातलं शेवटचं मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. मालतीजवळ नाही, रेवाजवळ नाही. एक बायको, एक मुलगी, इतकी वर्षं एका घरात काढूनही त्यांना पत्ता नाही. तुझ्याजवळ तर नाहीच बोललो.

तुझी तेरवी करून अकोल्याहून परत आलो. क्लास पुन्हा सुरू केले. इथं अमरावतीत, राजापेठेतल्या क्लासच्या जिन्यावरून पोरं पुन्हा धडधडत वर यायला लागली, खाली गाड्यांचे हॉर्न तसेच. पहिल्या दिवशी वर्गात मी माझा नेहमीचा विनोद नेहमीच्या जागी केला आणि पोरं नेहमीसारखी हसली. तुला तो विनोद माहीत होता. "दरसाली तोच काहून सांगतं?" असं तू एकदा सगळ्यांदेखत विचारलं होतंस. मी तेव्हा चिडलो होतो. खरं उत्तर असं आहे, दादा, की मला दुसरा येत नाही. तो पाठ केलेला आहे. त्याच्या आधीचं थांबणं पाठ केलेलं आहे, नंतरचं चष्मा पुसणंही.

अमरावतीच्या त्या डॉक्टरबाईंनी आपल्या तिघांच्या बाबतीत एकच नाव घेतलं. अ‍ॅस्पर्जर. हल्ली हे नाव मागं पडलं आहे, स्वमग्नतेच्या मोठ्या पट्ट्यातच हे धरतात, हेही त्यांनी समजावून सांगितलं होतं. पण तुला जुनंच नाव आवडलं. "वजनदार आहे," म्हणालास, "बियाण्याच्या कंपनीसारखं." माणूस हुशार असतो, बोलतो-चालतो, ऐकू सगळं येतं, फक्त बाकीची माणसं तोंडानं न बोलता जे बोलतात ते त्याला दिसत नाही. बाईंनी ते असं सांगितलं होतं आणि अजून तरी मला याहून सोपं सांगता येत नाही.

सुरुवात जुईपासून झाली. शाळेत बाई म्हणाल्या होत्या, आता कोणाचाही आवाज यायला नको. मग मुख्याध्यापिका वर्गात आल्या आणि त्यांनी जुईला नाव विचारलं. ती बोलली नाही. पुन्हा विचारलं, तरी नाही. शाळा सुटेपर्यंत ती एक अक्षर बोलली नाही आणि संध्याकाळी शाळेतून फोन आला, मुलगी उद्धट आहे. वहिनींनी रडत मला फोन केला. असं काही निघालं की सगळे मलाच फोन करायचे, कारण मी समजूतदार. मी डॉक्टरबाईंची वेळ घेतली. तुम्ही तिघं बसनं अमरावतीला आलात.

खोलीत बाई बोलत होत्या. वहिनी त्यांच्याकडे पाहत होत्या, मी बाईंच्या कपाळाकडे, आणि तू टेबलाच्या कडेकडे. मोठ्या आवाजानं त्रास होतो का, कपड्याच्या आतलं लेबल टोचतं का, एखाद्या गोष्टीवर बोलायला लागली की थांबता येत नाही का, कोणी एक बोललं आणि मनात दुसरं असलं तर गोंधळ होतो का. तू ऐकत ऐकत मधेच म्हणालास, "बाई, तुमी हे जुईचं सांगून राहिल्या का माहं?"

मी आणि वहिनी हसलो. बाई हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची थोडी तुझ्याकडे वळवली.

मला त्या खोलीत घाम फुटला होता, हे तुला दिसलं नसणार. पंखा चालू होता. मी रुमाल काढून मान पुसली आणि म्हणालो, "दादा, तुला काय झालंय, तू ठणठणीत आहेस." बाईंनी माझ्याकडेही एकदा पाहिलं. ते पाहणं मला कळलं. मला कळतं, कारण मी शिकलो आहे.

पुढं तुझ्याही तपासण्या झाल्या, लहानपणापासूनचे प्रश्न झाले, आणि नाव मिळालं. त्यानंतरचं ते अख्खं वर्ष तू मला रोज दिवेलागणीला फोन करायचास. हॅलो नाही, काय चाललंय नाही. फोन उचलला की एकदम जुनी एखादी गोष्ट. "विनू, मी आत्याले म्हटलं होतं का तुमी जाड झाल्या, ते याच्यात येते का?" "विनू, ढोल वाजला का मी गोठ्यात जाऊन बसो, ते?" मी म्हणायचो, येत असेल. "बरं," म्हणून तू फोन ठेवायचास. गोदामातला माल एकेक करून उजेडात आणून पाहावा तसं तू सगळं आयुष्य पाहत होतास. जुईचं बरं होतं, तिला ते चष्म्याच्या नंबरासारखं लहानपणीच मिळालं. तुला आधी सगळं मागचं काढावं लागलं.

एका संध्याकाळी तू विचारलंस, "तो बुंदीचा दिवस आठवते?"

आठवतो, म्हणालो.

"म्हणजे बाबानं मले उगाच मारलं."

तू रागानं नव्हतास बोलत. हिशेब चुकला होता, तो कुठं चुकला ते सापडलं, एवढंच तुझ्या आवाजात होतं. मी म्हणालो, "जाऊ दे आता, बाबाही नाहीत." तू म्हणालास, "जाऊ देतो. पण उगाच मारलं ना?" मी म्हणालो, हो.

त्या दिवसाचं मला तुझ्याशी नीट बोलायचं होतं. आता बोलतो.

आपल्या बहिणीचं, शोभाताईचं लग्न. आपण मुलीकडचे, त्यामुळं वाढायला आपण. मधल्या पंगतीत नवरदेवाकडची वडीलधारी मंडळी बसली होती आणि कोणीतरी तुझ्या हातात बुंदीची बादली दिली. पहिल्या पाहुण्यानं पत्रावळीवर हात आडवा धरला, "नको, नको, झालं." तू पुढं गेलास. दुसऱ्यानं हात धरला. तू पुढं गेलास. आपल्याकडं पहिल्या फेरीला बुंदी घेतली तर माणूस हावरा ठरतो, त्यामुळं ओळीतल्या सगळ्यांनीच हात आडवे धरले होते. तू अख्खी पंगत फिरलास आणि भरली बादली घेऊन आचाऱ्याजवळ परत आलास. "कोणालेच नको म्हणते," तू त्याला सांगितलंस. "जास्त झाली वाटते."

तिकडं पंगतीत कुजबुज सुरू झाली. पोरीकडच्यांनी बुंदी दाखवून परत नेली! व्याही पानावरून उठले. बाबा धावत आले आणि मांडवात, सगळ्यांसमोर, त्यांनी तुझ्या कानाखाली वाजवली.

"अबे, अक्कल आहे का तुले?"

"बाबा, ते नको म्हणाले."

"नको म्हणाले म्हणून वाढाची नाही का?"

तू गालावर हात ठेवून उभा होतास. रडत नव्हतास. तुला खरंच ते वाक्य समजत नव्हतं. मग मी बादली उचलली. व्याह्यांना हाताला धरून पानावर बसवलं. पहिल्या पाहुण्याच्या खांद्यावर हात ठेवून वाकलो. "मामाजी, माह्या हातची एक मूठ." "नाही रे बाप्पा, पोट पाह्य." "मंग मी हालतच नाही इथून." हात बाजूला झाला. असाच शेवटपर्यंत गेलो. बादली रिकामी झाली. लोक बाबांना म्हणाले, लहाना मोठा चतुर निघाला तुमचा. बाबांनी सगळ्यांदेखत माझ्या पाठीवरून हात फिरवला.

दादा, मला ते येत नव्हतं. तुला जितकं कळत नव्हतं तितकंच मलाही कळत नव्हतं, की माणूस नको म्हणतो तेव्हा त्याला हवं असतं. फरक एवढाच, की त्याच्या आधी मावशीकडच्या एका लग्नात मीही असाच फजीत झालो होतो. तिथं कोणी मारलं नाही, फक्त हसले. त्यानंतर मी प्रत्येक लग्नात मांडवाच्या खांबाजवळ उभा राहून पाहायचो. किती वेळा नाही म्हणतात, कितव्या वेळेला हात सैल होतो, वाढणारा कुठं हात ठेवतो, काय म्हणतो. तिसऱ्या वेळेला बहुतेक हात निघतो. बाकीची पोरं पाढे पाठ करत होती, मी माणसं पाठ करत होतो. तुझ्या गालावर बसली ती माझ्याही गालावर बसायची होती. मी फक्त आधी अभ्यास करून आलो होतो.

हे बाबांना सांगता आलं असतं. "बाबा, दादा मुद्दाम नाही करत, त्याला खरंच वाटलं त्यांना नको आहे," एवढंच. ते वाक्य माझ्याजवळ तयार होतं. पण मग बाबांनी विचारलं असतं, तुले कसं माहीत? मी पाठीवरचा हात घेतला आणि गप्प बसलो. तिथून पुढं घरात तू बिनडोक आणि मी चतुर, अशी जी वाटणी झाली ती बाबा जाईपर्यंत तशीच राहिली.

तू माझ्यावर कधी जळला नाहीस. मला त्याचाच त्रास जास्त होतो. तुझं लग्न ठरवायला आपण कारंज्याला निघालो होतो, बसमध्ये तू मला म्हणालास, "विनू, डोळ्यात पाहिलं का मले समोरचा काय बोलते ते ऐकूच येत नाही. आता पोरीकडं पाहाच लागन." मी म्हणालो, "डोळ्यात नको पाहू. दोन भुवयांच्या मधात पाह्य. समोरच्याले वाटते डोळ्यातच पाहून राहिला." तू तसंच केलंस. पूर्ण वेळ, पापणी न हलवता. सुनंदावहिनी अजून सांगतात, "मले वाटलं माही टिकली वाकडी झाली. मी दोनदा आत जाऊन आरशात पाहून आली." तेव्हा आपण सगळे हसायचो, तूही हसायचास, नेहमीसारखा थोडा उशिरानं.

आणि माझ्या लग्नातली वरात. अमरावतीचा तो भर बाजारातला रस्ता, बँड अगदी कानाला चिकटलेला, घोड्यावर मी. डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली होती. चेहऱ्यावर मात्र मी पाठ केलेलं हसू धरून ठेवलं होतं. कोणालाही काही दिसलं नाही, आईलासुद्धा नाही. तू घोड्याच्या बाजूनं चालत होतास, कानांत नेहमीचे कापसाचे बोळे. मामेभाऊ तुला चिडवत होते, "आला कापूसवाला, गाठी उघडा!" तू वर माझ्याकडं पाहिलंस. मग खिशातून वातीचा कापूस काढलास, त्याचे दोन बोळे केलेस आणि काही न बोलता माझ्या हातात दिलेस. लोकांसमोर कानात घालायची माझी हिंमत झाली नाही. पण वरात संपेपर्यंत ते मी मुठीत धरून ठेवले होते, घामानं भिजून त्यांचा लगदा झाला. तेवढ्यावर मी ती वरात काढली. तुझे आभार मानायचे राहिले. ज्याला दुसऱ्याच्या मनातलं दिसत नाही असं लोक म्हणायचे, त्याला त्या दिवशी माझ्या मनातलं दिसलं होतं.

तुझं निदान झालं त्याच्या पुढच्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीत, मी एकटा डॉक्टरबाईंकडे गेलो. घरी सांगितलं, मोझरीच्या आश्रमात जाऊन येतो. बाईंनी दोनतीन वेळा बोलावलं, प्रत्येक वेळी मी मोझरीचंच कारण सांगितलं. मालतीला वाटलं, नवरा भाविक व्हायला लागला. शेवटच्या दिवशी बाई म्हणाल्या, "सर, तुम्ही आयुष्यभर फार मेहनत घेतली आहे. खूप दमला असाल."

मी रडलो. आई गेली तेव्हाही मी असा रडलो नव्हतो. तेव्हा सगळे माझ्याकडं पाहत होते आणि कसं रडायचं याच्या काळजीत रडायचं राहून गेलं होतं.

बाई म्हणाल्या, "दादांना सांगा. त्यांना बरं वाटेल." मी सांगतो म्हणालो. बाहेर पडलो आणि स्कूटर खरंच मोझरीला नेली. घरी सांगितलेलं अगदीच खोटं ठरू नये म्हणून. तिथल्या आवारात एका झाडाखाली बसलो. भजन चालू होतं, माणसं येत-जात होती, कोणी माझ्याशी बोलत नव्हतं आणि मला कोणाशी हसावं लागत नव्हतं. त्या तासाभरात मी ठरवलं, की हे कोणाला सांगायचं नाही.

का? माझ्याजवळ कारणं होती. क्लासला पोरं पाठवणारे आईबाप काय म्हणतील. रेवाचं लग्न व्हायचं आहे, घराण्यात आहे असं कोणी म्हणेल. ही कारणं खोटी नाहीत, पण खरं कारण दुसरं आहे. आपण दादासारखे नाही, ही माझी जन्मभराची कमाई होती. ती मी हातची सोडायला तयार नव्हतो.

आणि तू, तू तर वाजवत सुटला होतास. गावात, लग्नात, दवाखान्यात, पाहुण्यांत, जो भेटेल त्याला. "मले अ‍ॅस्पर्जर आहे. डॉक्टरनं सांगतलं."

"काय भेटलं म्हणे?"

"भेटलं नाही. पयलेपासूनच होतं."

"मंग औषध चालू आहे का?"

"औषध नसते याले. तुमी जरा हळू बोला, तेच औषध."

लोक पाठीमागं हसायचे. मी तुला झापलं होतं, "गावभर सांगायची काय गरज आहे?" तू म्हणालास, "काहून? साखर झाली तं सांगतेच ना लोकं." मी म्हणालो, साखर वेगळी. तू म्हणालास, "काय वेगळी?" माझ्या झापण्याला धार आली होती ती तुझ्या बोलण्यामुळं नाही, माझ्या भीतीमुळं. तू तुझं नाव सांगायचास तेव्हा प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता समोरचा माणूस मान वळवून माझ्याकडं बघणार.

रेवाच्या लग्नाची बैठक होती. तुला आदल्या दिवशी फोन केला, "दादा, उद्या तेवढं ते काढू नकोस." तू म्हणालास, "मी काढणार नाही. पण कोणं विचारलं तं मले खोटं बोलता येत नाही. मी नाही येत मंग." मी म्हणालो, "बरं होईल."

दादा, परक्या माणसाच्या पत्रावळीवर वाकून तीन वेळा आग्रह करायला शिकलेला मी. सख्ख्या भावाला, माझ्या एकुलत्या एक लेकीच्या बैठकीला ये, असं एकदाही म्हणालो नाही.

तू मात्र मनात काही धरलं नाहीस. लग्नाला आलास, कानात बोळे घालून कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलास, रेवाला संत्र्याची दोन कलमं दिलीस. "अहेरात झाड देते का कोणी?" असं कोणीतरी म्हटलं. ती दोन्ही झाडं आता तिच्या सासरी अंगणात आहेत.

आता ती दुपार. ती लिहायला इतका वेळ लावला, कारण हात वळत नाही.

मागच्या हिवाळ्यात मी अकोल्याला आलो होतो. तुझ्या रोपवाटिकेत, हिरव्या जाळीखाली, तू जंबेरी लिंबाच्या रोपांवर संत्र्याची कलमं बांधत बसला होतास. हात चालू असले की तुला बोलायला बरं पडायचं, त्यामुळं आपलं खरं बोलणं नेहमी तिथंच व्हायचं. वहिनी चहा ठेवून गेल्या. तू खोडाला पट्टी गुंडाळता गुंडाळता, मान वर न करता म्हणालास, "विनू, ते भुवयांच्या मधात पाहाचं तू मले शिकवलं होतं."

"हो."

"तुले कोणं शिकवलं?"

"कोणी नाही."

पट्टीची गाठ बसली. तू पुढचं रोप ओढलंस.

"मंग तुले बी आहे का हे?"

किती सरळ विचारलंस. कसलाही डाव नाही, कसलाही टोमणा नाही. हो म्हटलं असतं तर तू "बरं" म्हणाला असतास आणि पुढचं रोप बांधलं असतंस. त्या संध्याकाळपासून आपण दोघं मिळून जुन्या गोष्टी काढल्या असत्या. वरातीचा कापूस काढला असता. बुंदी काढली असती.

मी म्हणालो, "नाही."

"बरं," तू म्हणालास.

आणि दादा, मी थांबलो. चहा हातात तसाच धरून थांबलो. तू पुन्हा विचारशील म्हणून. आपल्याकडं कोणीही पुन्हा विचारतं. शोभाताई असती तर म्हणाली असती, "खरं सांग, तुले माही शपथ." मालती असती तर नुसतं पाहत राहिली असती. दुसऱ्यांदा विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं, हे मला आजही पक्कं माहीत आहे. मी पत्रावळीवर हात आडवा धरला होता, एवढंच. पण तू ती बादली घेऊन पुढं गेलास. माणूस नाही म्हणाला म्हणजे नाही. तू आयुष्यभर असाच वागलास आणि त्याच्यापायी मारही खाल्लास. तू पुन्हा विचारणार नाहीस हे जगात कोणाला ठाऊक असेल तर ते मला. तरी मी तुझ्याच विचारण्याची वाट पाहत बसलो. तू आणखी चारपाच कलमं बांधलीस. मग आपण यंदाच्या पाण्याविषयी बोललो आणि मी संध्याकाळच्या गाडीनं परत आलो. त्यानंतर आपण फोनवर बोललो, पण हे कधी निघालं नाही. आणि मग वहिनींचा तो सकाळचा फोन.

तेरवीच्या पंगतीचं तुला सांगायचं आहे. तुला आवडलं असतं.

जुई आता अठराची होत आली. हातात भाताचं भांडं घेऊन ती माझ्याजवळ आली. "काका, नको म्हटलं तं कितीक खेप विचाराचं?"

मी म्हणालो, "तीन."

"बाबा एकदाच म्हणत."

"हो."

तिनं जरा विचार केला. "आज बाबाचं जेवण आहे. मी एकदाच विचारते."

आणि ती निघाली. ज्यानं नको म्हटलं त्याला सोडून पुढं. ओळीतले लोक एकमेकांकडं पाहायला लागले. ती टोकाला पोचली तेव्हा मधूनच कोणीतरी म्हातारी ओरडली, "अवो पोरी, इकडं आण! मी आपलं खोटंच म्हटलं व्हतं!" तेरवीच्या पंगतीत हशा पिकला, वहिनीसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. जुई परत गेली, म्हातारीला भात वाढला आणि म्हणाली, "खरं म्हणत जा ना मंग आजी." तिला कोणी मारलं नाही, दादा. कोणी पानावरून उठलं नाही. हे तू केलंस. तू गावभर सांगत सुटला होतास म्हणून. ज्यासाठी मी तुला झापलं, त्याच सांगण्यावर तुझी लेक आज ताठ मानेनं भात वाढते.

जेवणं आटोपल्यावर ती हौदाजवळ भांडं धूत होती. मी हात धुवायला गेलो. ती म्हणाली, "बाबा होते तं घरात आमी दोघं होतो. आता मी एकटीच."

मी माझं पाठ केलेलं वाक्य म्हणालो. "मी आहे ना, बेटा."

तिनं माझ्याकडं पाहिलं, अगदी भुवयांच्या मधोमध. तूच शिकवलं असशील तिला. "तुमी आहात," ती म्हणाली. "पण तुमी तसे नाही."

नळ चालू होता. ती थोडा वेळ थांबली होती का, की मला तसं वाटलं, सांगता येत नाही. मी हात पुसले आणि मांडवात परत आलो. म्हणजे तुला एकदा नाही म्हणालो, आणि तुझ्या मुलीला न बोलता दुसऱ्यांदा तेच म्हणालो.

ती मला विचारणार नाही. तिनं मला पाहिलं आहे, हा माणूस तसा नाही अशी तिची खात्री आहे, आणि ती तुझी मुलगी आहे. त्यामुळं आता वाट पाहण्यात काही अर्थ नाही. मला अकोल्याला जावं लागेल, तुझ्या हिरव्या जाळीखाली तिच्यासमोर बसावं लागेल आणि कोणी न विचारता सांगावं लागेल. मग घरी येऊन मालतीला, मग रेवाला. हे लिहिलेलं छापायला देण्याआधी.

आज रविवार होता. गेलो नाही. सकाळी अकोल्याची गाडी गाठायला म्हणून स्कूटर पुसून बाहेर काढली होती, परत आत ठेवली.

त्या दुपारी तू मला एकदा विचारलंस, त्याचं खरं उत्तर हो असं होतं. ते मी तुझं देणं लागतो, आणि ते आता जुईला द्यायचं आहे.